बारांपैकी अकरा चकचकीत

"दोर, विजेरी, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि शेपटाला घरी ठेवायचं!" रेडिओने यादी संपवली आणि वहीवर पेन्सिल आपटली.

"मी येणारच! नाही नेलंत तर मी सगळं आईला सांगेन!" शेपूट किंचाळला.

"सांगण्यासारखं आहेच काय त्यात? जुन्या दगडखाणीवर जायची परवानगी आपण तिच्याकडूनच तर मागणार आहोत!"

"मग मी आधीच सांगेन!"

या युक्तिवादात तथ्य किती होते, हे ठरवणे मुंगीला जमेना. सुट्टीसाठी मामाकडे येऊन तिला चारच दिवस झाले होते आणि या चार दिवसांत तिला एवढे कळून चुकले होते की मामेभावांच्या भांडणाचा शेवट कधीही त्याच्या सुरुवातीशी जुळत नाही. मोठा मामेभाऊ तेरा वर्षांचा. त्याचे तोंड सकाळी सुरू झाले की झोपेतच बंद होई, म्हणून तो रेडिओ. धाकटा सात वर्षांचा. जिथे दोघे तिथे तिसरा, म्हणून तो शेपूट. शेपटाच्या चड्डीला दोन खोल खिसे होते आणि घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की मामी आधी तेच उलटे करून पाही. आणि मुंगीला मुंगी का म्हणत, ते तिच्याकडे पाहताच कळे. अंगाने चिमुकली, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की कणाकणाने ती पोखरून काढल्यावाचून तिला चैन पडत नसे.

"खाणीवर जायचंय?" दारातून मामाचा आवाज आला. "जा की! आधी माझी पट्ट्यांची पेटी घासून द्या. एकूण एक पट्टी. मग खुशाल जा."

मामाचा कारखाना घराच्या अंगणातच होता. कारखाना म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, एक घरघरणारा कॉम्प्रेसर आणि वाळूचा फवारा मारणारी एक बंदूक. गाडीच्या चासीवर सतरा अक्षर-आकड्यांचा जो नंबर ठोकलेला असतो, तोच मामा तिच्या सहाही काचांवर कोरून देई. पितळेच्या बोटभर पट्ट्या. प्रत्येकीत एकेक अक्षर किंवा एकेक आकडा आरपार कापलेला. अशा सतरा पट्ट्या चौकटीत सरकवायच्या, चौकट काचेवर दाबून धरायची आणि बंदुकीचा चाप ओढायचा. जिथे पितळ तिथे वाळू अडते, जिथे भोक तिथे काचेत घुसते. नंबराची पाटी चोर घटकाभरात बदलतो. पण सहा काचा बदलायच्या म्हणजे चोरीत मिळालेले काचवाल्याच्या घशात घालायचे! म्हणून कोरलेल्या काचांच्या गाडीकडे शहाणा चोर ढुंकूनही पाहत नाही, असे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. काम संपले की तो शिक्का मारून एक दाखला देई. या कामाचा सरकारी परवाना आसपासच्या चार गावांत फक्त त्याच्याकडे होता.

पेटीत छत्तीस खण होते आणि प्रत्येक खणात चार पट्ट्या. तिघांनी चिंध्या घेतल्या, राखुंडी घेतली आणि घासायला बसले. वर्षानुवर्षांच्या वाळूने पितळ इतके खरवडले होते की कितीही घासले तरी धुरकटच राही.

"हे बघ! या तर आरशासारख्या आहेत!" रेडिओ म्हणाला.

खरेच होते. इंग्रजी आयच्या चार, ओच्या चार आणि क्यूच्या चार, अशा बारा पट्ट्या नव्याकोऱ्या चमकत होत्या. शेपटाने एकीत पाहून दात तपासले.

"मामा, या तीनच खणांतल्या नव्या कशा?" मुंगीने विचारले.

"नव्या कसल्या? सगळ्या एकोणीस वर्षांपूर्वी एकदमच घेतल्या. त्या लागतच नाहीत."

"का लागत नाहीत?"

पण मामा तोवर बंदुकीची नळी साफ करण्यात गुंतला होता. "लागत नाहीत म्हणजे लागत नाहीत" एवढेच उत्तर आले, आणि अशा उत्तराने मुंगीचे समाधान कधी झाले नव्हते.

इतक्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांच्या सायकलच्या मागे लसींची बर्फपेटी दोराने करकचून बांधली होती.

"गाडीचा काही पत्ता?" मामाने नजर चुकवत विचारले.

"नाही हो. नऊ दिवस झाले." बाईंनी घाम पुसला. "काल टेकडीपलीकडच्या गोठ्यावर निरोप आला होता. सायकल ढकलत पोचेपर्यंत दोन तास गेले. कालवड गेली. अर्धा तास आधी पोचले असते तर वाचली असती."

बाईंना थोडे पाणी हवे होते. ते पिऊन त्या निघून गेल्या.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तीनदा आली होती ती बाई काचा कोरून घ्यायला," ती शांतपणे म्हणाली. "तीनदा तुम्ही 'उद्या या' म्हणालात. चौथा उद्या उजाडला तेव्हा गाडीच नव्हती."

"माझी पाठ धरली होती!" मामा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिमेची सगळी सिद्धता झाली. परंतु दोर सापडेना. तो शेपटाच्या खिशातून काढीपर्यंत अकरा वाजले आणि खाणीचा बेत दुपारवर गेला. दरम्यान अंगणात एक हिरवीगार गाडी येऊन उभी राहिली होती. तिच्यातून उतरलेल्या गृहस्थांनी इतके अत्तर फासले होते की कोंबड्यासुद्धा शेडमागे पळाल्या. मामाच्या हातात त्यांनी गाडीची किल्ली आणि नंबराची एक चिठ्ठी ठेवली.

"संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. काचा कोरलेली असेल तरच घेईन म्हणतो. दाखला तेवढा झटपट द्या. चारला येतो," असे म्हणून अत्तरकाका जेवायला निघून गेले.

मामाने पाच काचा पुऱ्या केल्या. सहावी राहिली तोच त्याची पाठ ठणकू लागली. चौकट सोडवून त्याने पट्ट्या पेटीत टाकल्या, कॉम्प्रेसर बंद केला आणि जेवायला गेला.

मुंगी सहज पेटीपाशी गेली. सहज म्हणजे काय, तर काल घासलेल्या पट्ट्या पुन्हा कशा दिसतात ते पाहायला. ती थबकली. तिने मोजले. पुन्हा मोजले.

"अकरा!"

"काय अकरा?" रेडिओने विचारले.

"चकचकीत पट्ट्या. काल बारा होत्या. ही ओची बघ, धुरकट झालीय! हिच्यावर वाळू बसलीय!"

"मग कोणी तरी वापरली असेल."

"पण मामा तर म्हणाला, या लागतच नाहीत!"

दोघांनी एकदमच शेपटाकडे पाहिले. शेपटाचा चेहरा लाल झाला.

"मी नाही! मी ओ घेतलीच नाही! मी फक्त क्यू घेतली होती, आणि ती सकाळीच परत ठेवली!"

"क्यू कशाला घेतली होतीस?"

"तिला शेपूट आहे म्हणून," तो पुटपुटला.

"खोटं! बंदूक तूच चालवलीस!" रेडिओ गरजला.

"बंदूक मला उचलते तरी का? तूच चालवली असशील! परवा बाटलीवर नाव कोरत होतास!"

"ते माझं नाव होतं! माझ्या नावात ओ आहे का?"

"आहे! रेडिओ!"

यावर रेडिओही क्षणभर गप्प झाला, आणि ही गोष्ट त्या घरात अपूर्व होती. बाटली आणून तपासली. तिच्यावर त्याचे शाळेतले नाव होते आणि त्यात ओ कोठेच नव्हता. म्हणजे रेडिओ सुटला. शेपूट बंदूक पेलू शकत नव्हता. म्हणजे तोही सुटला. मामी शेडमध्ये पाऊल टाकीत नसे. उरला मामा, आणि तो तर म्हणतो की ओ कधी लागतच नाही! मुंगीच्या डोक्यात सुताचे गुंडे एकमेकांत अडकावेत तसे झाले. जे टोक ओढावे ते भलतीकडेच निघे.

ती तडक जेवणाच्या टेबलापाशी गेली. "मामा, आज ओ वापरलात?"

"ओ? काही तरीच काय! चासी नंबरात ओ नसतोच, बाई. आय नसतो, ओ नसतो, क्यू नसतो. जगातल्या कुठल्याही कारखान्याची गाडी आणा."

"पण का नसतो?"

आता मामाच्या तोंडात घास होता आणि पळायला जागा नव्हती. "का म्हणजे? आय आणि एक सारखे दिसतात. ओ, क्यू आणि शून्य सारखे दिसतात. अर्ध्या रात्री पोलीस गाडी थांबवतो, विजेरी मारतो, नंबर टिपतो. त्यानं शून्याचा ओ लिहिला की झालं! चोरीची गाडी साव ठरते आणि सावाची चोरीची. म्हणून नियमच केला की ही तीन अक्षरं वापरायचीच नाहीत. गोल दिसलं की ते शून्य. संपला वाद."

"मग ओची एक पट्टी आज धुरकट कशी झाली? त्या हिरव्या गाडीच्या काचेवर ओ तर आला नाही ना?"

घास मामाच्या हातातच राहिला. सगळे अंगणात धावले. काचेवर कोरलेल्या सतरा चिन्हांत दोन बारीक, उभट शून्ये होती, आणि सहाव्या जागी एक गरगरीत, गुबगुबीत ओ बसला होता. मामाने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यातही तसेच होते. लिहिणाऱ्याने शून्यांवर तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि ओ मोकळा सोडला होता.

"अरेच्चा!" मामाने डोके खाजवले. "चिठ्ठीत होता म्हणून टाकला की काय मी? एकोणीस वर्षांत आकडे माझ्या हातातून जातात हो, डोक्यातून जात नाहीत." मग त्याचा चेहरा सैलावला. "त्यात काय! त्या गृहस्थांनी उतरवून घेताना शून्याचा ओ केला असेल. त्यांची चूक. आले की सांगतो." आणि जेवण उरकून तो पाठ टेकायला निघून गेला. दारातून मामी म्हणाली, "चिठ्ठीवरून कशाला कोरायचं? गाडीवर बघून कोरावं, असं परवान्यातच लिहिलंय ना?" पण हा प्रश्न बंद दारावर आपटून परत आला.

"बाबांचं बरोबर आहे," रेडिओ म्हणाला. "लिहिताना चूक झाली. चला खाणीवर!"

"थांब. चिठ्ठीवरची चूक असेल तर गाडीवरच्या पाटीत शून्य असेल. हो की नाही?"

"असेलच."

"मग बघू या."

पाटी कोठे असते, हे मामाच्या भिंतीवरच्या चित्रात दाखवले होते. पुढच्या दाराच्या खांबावर, पार खाली, जमिनीपासून दीड वीत. मोठ्या माणसाला ती वाचायची तर गुडघे टेकून कंबरेत दुमडावे लागे. मामा तिथवर का वाकला नव्हता, ते सांगायला नकोच. मुंगीला मात्र नुसते बसले की पुरे होते.

तिने दार उघडले. आतून अत्तराचा असा लोट आला की शेपटाला सलग पाच शिंका आल्या. पाटी ॲल्युमिनियमची होती, चार रिव्हेटांनी बसवलेली आणि संशय यावा इतकी स्वच्छ. तिच्यावर सहाव्या जागी, गरगरीत, गुबगुबीत...

"ओ!" तिघेही ओरडले.

"म्हणजे चिठ्ठी बरोबर होती!" रेडिओ गोंधळून म्हणाला. "म्हणजे बाबांचा नियम चूक?"

"की पाटी चूक?"

"पाटी कशी चूक असेल? ती कारखान्यात बसवतात!"

"कारखान्यात ओ वापरत नाहीत!"

"पण पाटीवर ओ आहे!"

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच तर काय?"

"तेच तर मला कळत नाहीये!" मुंगी रडकुंडीला आली. ती पायरीवर बसली आणि तिने डोके दोन्ही हातांत धरले. नियम खरा मानला तर पाटी खोटी ठरत होती आणि पाटी खरी मानली तर नियम. दोन्ही खरे असू शकत नव्हते. मग तिला त्या बारा पट्ट्या आठवल्या. एकोणीस वर्षांत किती गाड्या आल्या असतील! त्या साऱ्यांत ओ एकदाही लागला नव्हता. लागला असता तर पितळ चमकले नसते. मामा विसरेल, चिठ्ठी चुकेल. पण पितळाला खोटे बोलता येत नाही. नियम खरा होता. तेव्हा ही पाटी कारखान्याची नव्हे, कोणी तरी मागाहून ठोकलेली होती.

"खरी पाटी काढून कोणी दुसरी बसवली असेल तर..." ती सावकाश म्हणाली, "खरा नंबर कुठे असेल?"

तिघांनी भिंतीवरचे चित्र पुन्हा पाहिले. चित्रात आणखी एक बाण होता. मागच्या चाकाच्या वर, आतल्या गालिच्याखाली, थेट सांगाड्याच्या लोखंडात.

गालिचा उचलताच अत्तराखालून दुसराच एक वास वर आला. औषधाचा, ओल्या गवताचा आणि गोठ्याचा. लोखंडावर कानशीने ओरबाडले होते; पण चाकाच्या कमानीमुळे कोपऱ्यापर्यंत कानस नीट पोचली नसावी. तिथे काही तरी पुसट उरले होते. डोळ्यांना कळत नव्हते, बोटांना मात्र लागत होते.

"वही दे! मोहिमेची!" मुंगी म्हणाली. तिने कागद लोखंडावर ठेवला आणि नाण्याचा छाप काढतात तशी पेन्सिल हलक्या हाताने आडवी फिरवली. करड्या रंगातून एकेक आकडा पांढरा उमटू लागला. चार. सात. शून्य. दोन. दोन. नऊ.

"पाटीवर शेवटी काय आहे?"

शेपूट धावत गेला आणि धावत आला. "आठ, एक, तीन, सहा, पाच, चार!"

एकाही आकड्याचा मेळ बसत नव्हता.

"आणि या वासाचं काय?" रेडिओने नाक फेंदारले. "हा वास मला माहीत आहे. कुणाच्या तरी पिशवीला येतो... डॉक्टरीणबाईंच्या!"

"पण त्यांची गाडी पांढरी होती!" शेपूट म्हणाला.

मुंगीने दाराच्या रबरी कडेखाली नख घातले. रबराआड रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. हिरव्याखाली दुधासारखा पांढरा पट्टा होता.

घरात जाऊन रेडिओने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आयुष्यात प्रथमच त्याने एकाच वाक्यात सगळे सांगितले: "बाई, तुमच्या गाडीच्या कागदावरचे चासी नंबराचे शेवटचे सहा आकडे वाचा!"

पलीकडे कागद खडखडले. रेडिओ ऐकेल तसे बोलू लागला आणि मुंगीची पेन्सिल वहीवर खुणा करू लागली. "चार... सात... शून्य... दोन... दोन..."

"नऊ!" शेपूट ओरडला.

"नऊ," रेडिओ म्हणाला आणि फोनमध्ये कुजबुजला, "बाई, पोलीस चौकीवरून फौजदारसाहेबांना घेऊनच या. लवकर!"

घड्याळात साडेतीन झाले होते. चौकी पुलाच्या पलीकडे होती. यायला निदान वीस मिनिटे. अत्तरकाका मात्र सांगितल्या वेळेआधीच फाटकातून आत येत होते!

त्यांच्या आवाजाने मामा उठून शेडमध्ये आला. मुंगीने त्याला कोपऱ्यात ओढले आणि सगळे सांगितले. मामाच्या कपाळावर आठ्यांचे जाळे पसरले.

"भलतंच! भरल्या अंगणात गिऱ्हाइकावर चोरीचा आळ घेऊ? उद्या खोटं ठरलं तर कोण येईल माझ्या दारात? तू पोर आहेस, तुला घोटाळा झाला असेल!"

"घोटाळा झालाच आहे, मामा! सकाळपासून दुसरं काही झालेलंच नाही!" मुंगी कळवळून म्हणाली. "आळ नका घेऊ. एकच प्रश्न विचारा. ओची पट्टी वाकलीय, सहाव्या काचेवर शून्य टाकू का, एवढंच विचारा."

मामाला त्यात अर्थ दिसेना. परंतु त्यात नुकसानही दिसेना. तो खाकरला. "साहेब, एक अडचण आहे. ही ओची पट्टी वाकलीय. शेवटच्या काचेवर तिच्या जागी शून्य टाकलं तर चालेल का? दिसायला तसं सारखंच."

"टाका हो काहीही!" अत्तरकाका घड्याळ पाहत म्हणाले. "कोण बघतंय! दाखला तेवढा आधी द्या."

मामाचा हात चौकटीवर थबकला. एकोणीस वर्षांत त्याने नाना तऱ्हेची गिऱ्हाइके पाहिली होती. साताची आडवी रेघ फिकी उमटली म्हणून एका म्हाताऱ्या शिंप्याने त्याच्याकडून अख्खी काच बदलून घेतली होती. एका दाईने सहाही काचांवरचा नंबर भिंग लावून तीनदा वाचला होता. ज्याची गाडी असते, त्याला तिचा एक आकडासुद्धा परका झालेला खपत नाही. आणि इथे हा गृहस्थ म्हणतो, काहीही टाका!

मामाने मुंगीकडे पाहिले. तिला वाटले, तो रागावला. तो रागावलाही होता, पण तिच्यावर नव्हे.

"बसा साहेब," मामा गोड आवाजात म्हणाला. "कॉम्प्रेसरमध्ये हवा भरायला जरा वेळ लागेल." आणि त्याने कॉम्प्रेसर सुरू केला. त्याची हवा सोडायची चावी उघडीच होती, हे फक्त मुलांना दिसले. जितकी हवा आत जात होती, तितकीच फुस्स करून बाहेर पडत होती!

"काका, तुम्ही कुठून आलात?" रेडिओ पुढे सरसावला. "तुमच्या गाडीचा रंग फार छान आहे! याला पोपटी म्हणायचं की शेवाळी? आमच्या शाळेचा बाक असाच आहे. तुम्हाला सांगतो, त्या बाकाची एक गंमतच आहे..."

बाकाची गंमत संपून फळ्याची सुरू झाली. फळ्याची संपून शिपायाच्या घंटेची सुरू झाली. अत्तरकाका उठायला लागले की रेडिओचा नवा कार्यक्रम लागे. त्या दिवशी त्याला गप्प बस म्हणणारे घरात कोणी नव्हते!

अखेर त्यांचा धीर सुटला. "राहू द्या तुमची सहावी काच! पाच पुरेत. दाखला आणा!"

त्याच क्षणी फाटकाशी सायकलची घंटी खणखणली आणि तिच्यामागे पोलिसांची जीप थांबली.

अत्तरकाकांनी एकदा जीपकडे पाहिले, एकदा हिरव्या गाडीकडे, आणि मामाने टेबलावर ठेवलेल्या किल्लीसाठी झडप घातली. टेबलावर किल्ली नव्हती! त्यांनी कागद उडवले, पेटी उलटी केली. एकशे चव्वेचाळीस पट्ट्या खळखळून जमिनीवर सांडल्या आणि त्यांच्यावरून पाय घसरून ते स्वतःही त्यांच्यात जाऊन पडले.

"किल्ली कुठे गेली?" मामाही गोंधळून म्हणाला.

मामीने शेडच्या दारातूनच शेपटाला जवळ ओढले आणि त्याचा उजवा खिसा उलटा केला. दोन गोट्या, एक बूच, अर्धे बिस्कीट आणि गाडीची किल्ली!

"मी चोरली नव्हती," शेपूट घाईघाईने म्हणाला. "मी सांभाळत होतो!"

डॉक्टरीणबाई कोणाकडेच न पाहता गाडीत शिरल्या. उजव्या बाजूचा पत्रा आतून फुगला होता तिथे त्यांनी तळहात टेकला. "इथे एका वासरानं लाथ मारली होती," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात."

फौजदारसाहेबांनी वहीतला पेन्सिलीचा छाप कागदांशी ताडून पाहिला आणि मग अत्तरकाकांकडे मान वळवली. अत्तर आता मावळले होते.

"पण एक मला अजून कळलं नाही," मुंगी म्हणाली. "यांनी ओ टाकलाच कशाला? दुसरं कुठलंही अक्षर चाललं असतं!"

"सतरा लागतात एवढंच माहीत होतं," जमिनीवरून अत्तरकाका कुरकुरले. "मनाला येतील ती ठोकली. काच कोरून दाखला मिळाला असता तर कोण विचारणार होतं?"

"हिनं विचारलं," साहेब म्हणाले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली. "पोरी, आमच्या चौकीत या चोरीची एवढी जाड फाइल आहे. तिच्यात नाही नाही ते लिहिलंय. पण कुणी गालिचा उचलावा असं एका ओळीतही नाही. रेडिओराव, एवढं बोलून एक शब्दही फुटू दिला नाहीत, हे आमच्या माणसांनी शिकण्यासारखं आहे. आणि तुमचे खिसे, धाकटे साहेब, जन्मभर असेच खोल राहोत!"

शेपटाने ताबडतोब अर्धे बिस्कीट त्यांच्यापुढे धरले.

मामा मात्र कोपऱ्यात उभा होता. "साहेब, परवान्याचं काय ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "चोराला दाखला मी आज देणारच होतो. पाटी दीड वितेवर होती आणि मी वाकलो नाही. बाईंना तीनदा परत पाठवलं तेही मीच."

साहेबांनी परवाना हातात घेतला, बराच वेळ वाचला आणि परत दिला. "यातली तिसरी ओळ, 'गाडीवर बघून कोरावं', मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. महिन्यानं येऊन बघेन."

पंचनामा आटोपून गाडी बाईंच्या ताब्यात यायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली. मामा गाडीच्या मागच्या भागात पोते अंथरून चक्क पोटावर पालथा झाला. सांगाड्यात उरलेले सहा आकडे त्याने स्वतःच्या बोटांनी चाचपून वाचले, उरलेले अकरा कागदावरून एकेक करून मुंगीशी ताडले, चोराच्या खुणा असलेल्या पाच काचा काढून नव्या बसवल्या आणि मग सहाही कोरल्या. त्याने मजुरीचे नावही काढले नाही. निघताना बाईंनी घंटीच्या सवयीने तीनदा हॉर्न वाजवला आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली. तिकडच्या गोठ्यातून नुकताच निरोप आला होता. या वेळी त्या दहा मिनिटांत पोचणार होत्या.

मामाने धुरकट झालेली ती ओची पट्टी पेटीतून वेगळी काढली, तिच्यात दोरा ओवला आणि शेडच्या दाराशी एक खिळा ठोकला.

"इतक्या खाली का ठोकलात?" रेडिओने विचारले. "तिथे कुणाला दिसणार?"

खिळा जमिनीपासून बरोबर दीड वितेवर होता.

"मला दिसेल," मामा म्हणाला. आणि पाठीवर हात ठेवून, कण्हत कण्हत, पण पुरता वाकून त्याने ती पट्टी खिळ्याला अडकवली.